जुन्या इंडस्ट्रियल बोर्डची डिस्प्ले सेटिंग बायोसमधून कशी लावावी

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात बॉयलर अग्निप्रदीपनाचे दिवस जवळ आले की एक तक्रार हमखास येते. वजनकाट्यावरचा किंवा पॅन स्टेशनचा (साखर शिजवण्याच्या विभागाचा) पॅनेल पीसी, म्हणजे स्क्रीन आणि संगणक एकाच डब्यात, चालू होतो, पंखा फिरतो, हिरवा दिवा लागतो, पण स्क्रीन काळी. गळीत संपले तेव्हा तो ठणठणीत होता आणि मधल्या काळात कुणी हातही लावलेला नाही. मग ‘डिस्प्ले गेला’ असा निकाल लागतो, नव्या पॅनेलची चौकशी सुरू होते, कधी अख्खा पीसी बदलायचे कोटेशनही येते. यातले बरेच पॅनेल जिवंत असतात. बोर्ड फक्त आपली सेटिंग विसरलेला असतो.

कारण साधे आहे. ऑफ सीझनमध्ये मेन स्विच पाच-सहा महिने बंद असतो. त्या काळात बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रॅमची) सेटिंग आणि घड्याळ फक्त बोर्डवरच्या सेलवर तगून असते. सेल उतरला की बायोस बोर्ड बनवताना भरलेली मूळ सेटिंग उचलतो आणि त्या मूळ सेटिंगला तुमच्या यंत्रावर कोणते पॅनेल आहे हे माहीत नसते. टेबलावरचा साधा मॉनिटर केबलमधून आपली ओळख संगणकाला कळवतो. त्या काळातली बहुतेक औद्योगिक एलव्हीडीएस पॅनेल (तारांच्या जोड्यांवरून बोर्डकडून थेट चित्र घेणारी) अशी ओळख देत नाहीत, म्हणून बायोसमध्ये पॅनेलचा प्रकार हातानेच सांगावा लागतो. कुपवाडच्या फाउंड्रीतले टेस्टिंग यंत्र असो, सातारा एमआयडीसीतले जुने सीएनसी असो किंवा तासगावकडचे बेदाण्याचे सॉर्टिंग मशीन, आत असा बोर्ड असेल तर पुढची पद्धत लागू पडते.

हा लेख इंटेल ८१५, ८५२जीएम, ८५५जीएमई, ९१०जीएमएलई, ९४५जीएसई अशा चिपसेटचे आणि व्हीआयए किंवा एएमडी गिओडचे बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. साडेतीन इंची एकपाटी बोर्ड, पीसी/१०४ (एकावर एक रचायचे छोटे बोर्ड) आणि बॅकप्लेनमध्ये, म्हणजे नुसत्या खाचांच्या पाटीत, उभे बसणारे सीपीयू कार्ड, तिन्हींना तो चालतो.

आधी दोष कुठला ते ठरवा

बोर्ड उघडण्याआधी तीन गोष्टी करून पाहा.

पहिली: पीसी चालू असताना खोलीतला उजेड कमी करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अंधुक अक्षरे किंवा खिडक्या दिसल्या तर चित्र येते आहे, बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) बंद आहे. मग दोष इन्व्हर्टरचा (त्या दिव्याला जास्त व्होल्ट देणाऱ्या सर्किटचा), ट्यूबचा किंवा १२ व्होल्टच्या पुरवठ्याचा, आणि पॅनेलचा प्रकार कितीही बदलला तरी उपयोग नाही.

दुसरी: कीबोर्ड जोडा, अर्धा मिनिट थांबा आणि एफ-१ दाबा. सेल उतरल्यावर अवॉर्ड कंपनीचा बायोस ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’ असा संदेश देऊन एफ-१ ची वाट पाहत थांबतो. तो संदेश न दिसणाऱ्या स्क्रीनवर असतो आणि यंत्राला कीबोर्डच नसतो, म्हणून सगळे मेल्यासारखे वाटते. एफ-१ दाबल्यावर विंडोज सुरू होते आणि कित्येकदा ड्रायव्हर स्वतःच पॅनेल जागे करतो. तसे झाले तर रोग नक्की झाला: सेल आणि बूट डिस्प्ले, म्हणजे सुरू होताना चित्र कुठे पाठवायचे ती सेटिंग.

तिसरी: बीप ऐका. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे व्हिडिओचा दोष. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये आठ आखूड म्हणजे डिस्प्ले मेमरीचा. थांबून थांबून लांब बीप येत राहिले तर आधी रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा. मळीची वाफ, बगॅसचा भुसा आणि फाउंड्रीची काळी धूळ या तिन्हींचा थर रॅमच्या खाचेत बसतो. बीपही नाही आणि बाहेरच्या मॉनिटरवरही काही नाही, तर बायोसकडे वळण्याआधी एसएमपीएसचे (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्याचे) ५ आणि १२ व्होल्ट मोजा.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात पाण्याखाली गेलेला बोर्ड असेल तर क्रम वेगळा. आधी सगळी कनेक्टर काढून धुणे आणि वाळवणे, मग बाकीचे. गाळ बसलेल्या एलव्हीडीएस कनेक्टरवर सेटिंग लावण्यात दिवस वाया जातो.

हाताशी काय लागेल

डिजिटल मल्टिमीटर, एक साधा व्हीजीए मॉनिटर आणि केबल, पीएस/२ कीबोर्ड, नवा सीआर २०३२ सेल, आयपीए आणि मऊ ब्रश, मनगटाचा अर्थिंग पट्टा, टॉर्च, फोनचा कॅमेरा, कागद-पेन. यूएसबी कीबोर्डवर अवलंबून राहू नका. सेटिंग पुसली गेल्यावर काही बोर्डांवर यूएसबी कीबोर्डचा सपोर्ट बंद होतो आणि डिलीट कळ कितीही दाबली तरी बायोसपर्यंत पोचत नाही. लहान बोर्डांवर पीएस/२ चे एकच गोल तोंड असते, त्यात कीबोर्ड आणि माउस वेगळे करणारी वाय-केबल लागते. ती बोर्डसोबत आलेल्या पिशवीत असते, म्हणून ती पिशवी फेकू नये.

बोर्डचे मॅन्युअल मिळवणे हे निम्मे काम आहे. मॉडेल क्रमांक आणि रिव्हिजन बोर्डच्या काठावर किंवा पीसीआय खाचेच्या बाजूच्या स्टिकरवर छापलेले असते. जंपरचे (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीचे) क्रमांक एकाच कंपनीच्या दोन बोर्डांतही बदलतात, त्यामुळे ‘मागच्या वेळी असेच होते’ या भरवशावर जंपर हलवू नका.

यंत्रात सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) कार्ड किंवा छोटी हार्ड डिस्क असेल तर शक्य असल्यास तिची पूर्ण प्रत आधीच काढून ठेवा. काट्याचे सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस आता सापडेलच असे नाही.

सेल

मेन बंद करा, वायर काढा, पट्टा लावा आणि सेल जागेवर असतानाच मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदलाच. पीसी चालू ठेवून मोजू नका, त्या वेळी आकडा फसवा येऊ शकतो.

सीआर २०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. बंद बोर्ड घड्याळासाठी ५ मायक्रोअँपिअर ओढतो असे धरले तर हिशेब ४४,००० तासांचा, म्हणजे पाच वर्षांचा होतो. पीसी चालू असताना हा भार सेलवर नसतो. म्हणून बारमाही चालणाऱ्या कारखान्यात एक सेल दहा वर्षेही काढतो आणि सहा महिने बंद राहणाऱ्या साखर कारखान्यात त्याहून लवकर उतरतो. बंद कॅबिनेटमधली उष्णता ते आयुष्य आणखी कमी करते.

सगळे सेल खाचेत बसत नाहीत. काही बोर्डांवर काळ्या श्रिंक-नळीत गुंडाळलेला सेल दोन तारांनी छोट्या कनेक्टरला जोडलेला असतो. तसाच वेल्ड केलेल्या पट्ट्यांचा सेल घ्या. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. अजून जुन्या बोर्डांवर दोन प्रकार भेटतात. एक, डॅलस डीएस १२८८७ सारखी काळी, जाड चिप. तिच्या पोटातच सेल असतो, म्हणून संपली की चिपच बदलायची, शक्यतो सॉकेट लावून. दुसरा, ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियमचा डबी-सेल, जो फुटून हिरवट-पांढरे क्षार बोर्डवर पसरवतो. तो कापून काढा, क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने आणि मग आयपीएने स्वच्छ करा. त्याच्या जागी लिथियमचा बटण-सेल सरळ जोडणे धोक्याचे आहे, कारण तो बोर्ड सेलला चार्ज करतो आणि साधा लिथियम सेल चार्ज झाला की फुगतो, फुटतो. जोडायचाच असेल तर उलटा प्रवाह अडवणारा डायोड मध्ये हवा.

सेल घातल्यावर क्लिअर-सीमॉस (साठवलेली सेटिंग पुसणारा) जंपर आपल्या नेहमीच्या जागी आहे ना पाहा. बहुतेक ठिकाणी १-२ म्हणजे नेहमीची जागा आणि २-३ म्हणजे पुसणे, पण मॅन्युअलचा शब्द अखेरचा. हा जंपर चुकून पुसण्याच्या जागी राहिला तर नवा सेलही काही धरून ठेवणार नाही.

बाहेरचा मॉनिटर लावून बायोसमध्ये शिरा

व्हीजीए मॉनिटर बोर्डला जोडा आणि तो आधी चालू करा, पीसी नंतर. बोर्ड सुरू होताना एकदाच ‘कोणी जोडले आहे का’ हे तपासतो. नंतर केबल खोचली तर तो लक्ष देत नाही. पीसी चालू करताच डिलीट कळ टिचकी मारल्यासारखी पुन्हा पुन्हा दाबा. काही फिनिक्स बायोसमध्ये एफ-२.

व्हीजीएवरही काही नाही असे झाले तर मेन काढा, क्लिअर-सीमॉस करा, जंपर परत लावा आणि पुन्हा प्रयत्न करा. कारण कधी कधी सेटिंग ‘फक्त एलएफपी’, म्हणजे फक्त पॅनेल, अशी अडकलेली असते. काही जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये इन्सर्ट कळ दाबून धरून पीसी चालू केला की मूळ सेटिंग येते. बॅकप्लेनच्या यंत्रात वेगळे पीसीआय व्हीजीए कार्ड असेल तर मॉनिटर त्या कार्डाला लावूनही पाहा.

आत गेल्यावर पहिले काम बदल करायचे नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढा, अगदी उपपानांचाही. आज दिसणारी सेटिंग चुकीची असली तरी तिथून आपण कुठे कुठे हललो हे कळायला दुसरा मार्ग नाही. आणि ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’ हा पर्याय सवयीने दाबू नका. घरच्या संगणकावर तो निरुपद्रवी असतो, इथे तो आधीच्या जाणकाराने लावलेली सिरियल पोर्टची, आयआरक्यूची (उपकरण प्रोसेसरला हाक मारते त्या ओळीची) आणि पॅनेलची सेटिंग एका फटक्यात घालवतो. सेल उतरायच्या आधी हा लेख हाती आला असेल तर फोटो आजच काढून ठेवा.

पॅनेलच्या पाठीवरचे लेबल

आता मेन बंद. पॅनेल पीसीचे मागचे झाकण काढा आणि काचेच्या मॉड्यूलच्या पाठीवरचे लेबल वाचा. त्यावरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्याची डेटाशीट शोधा. यंत्राच्या पुढे लिहिलेले ‘१५ इंच’ पुरेसे नाही. डेटाशीटमधून चार गोष्टी हव्यात:

रिझोल्यूशन, म्हणजे ६४०×४८०, ८००×६००, १०२४×७६८ किंवा १२८०×१०२४. १०.४ इंची बहुधा पहिल्या दोनपैकी, १५ इंची बहुधा १०२४×७६८, १७ इंची बहुधा १२८०×१०२४. पण १२.१ इंचीत ८००×६०० आणि १०२४×७६८ दोन्ही सर्रास भेटतात, तिथे अंदाज चालत नाही.

रंगांचे बिट. १८ बिटच्या पॅनेलला एलव्हीडीएसच्या डेटाच्या तीन जोड्या आणि घड्याळाची (क्लॉक सिग्नलची) एक जोडी येते. २४ बिटला डेटाच्या चार.

चॅनेल एक की दोन. ६० हर्ट्झवर ८००×६०० ला ४० मेगाहर्ट्झचे पिक्सेल घड्याळ लागते, १०२४×७६८ ला ६५ आणि १२८०×१०२४ ला १०८. एका चॅनेलला १०८ जड जाते, म्हणून १७ इंची पॅनेलवर सम-विषम पिक्सेल दोन चॅनेलांत वाटून पाठवतात.

आणि पॅनेलचे व्होल्टेज, ३.३ की ५. यावर जरा थांबू या, कारण इथे झालेली चूक परत फिरवता येत नाही. एलव्हीडीएस कनेक्टरजवळ तीन किंवा सहा पिनांचा एक जंपर असतो आणि तो पॅनेलच्या लॉजिकला कोणता पुरवठा द्यायचा हे ठरवतो. ५ व्होल्टच्या पॅनेलला ३.३ दिले तर चित्र येत नाही किंवा फिके येते, नुकसान होत नाही. उलट ३.३ च्या पॅनेलला ५ दिले तर त्याचा कंट्रोलर जळू शकतो. दुसऱ्या यंत्रातून काढलेले पॅनेल किंवा भंगारातला बोर्ड लावताना हा जंपर आधी बघायचा. केबल खोचायची ती नंतर. मल्टिमीटरने तपासायला गेलात तर एक गोष्ट लक्षात ठेवा: हा पुरवठा अनेक बोर्डांवर चिपसेटच्या इशाऱ्यावर चालू-बंद होतो, त्यामुळे बूट डिस्प्ले सीआरटी (व्हीजीए तोंड) असताना तिथे शून्य दिसू शकते. शून्य दिसले म्हणून जंपर हलवू नका.

पॅनेल उघडलेच आहे तर केबलही मोजून घ्या. मेन बंद, बोर्डकडचे टोक काढलेले, पॅनेलकडचे लावलेले. प्रत्येक जोडीच्या दोन तारांमध्ये सुमारे १०० ओहम यायला हवेत, कारण पॅनेलच्या आत तेवढे टर्मिनेशन असते. एखादी जोडी उघडी दिसली तर दोष केबलचा किंवा कनेक्टरच्या पिनेचा. दाराच्या बिजागरीतून जाणाऱ्या केबलमध्ये तार तुटणे नेहमीचे आहे. ही केबल मधे तोडून वायर जोडून लांबवू नका. जोड्यांचा पीळ सुटला की चित्रावर ठिपके येतात.

बॅकलाइटची बाजू थोडक्यात: इन्व्हर्टरला १२ व्होल्ट, जमीन (ग्राउंड), चालू-बंदचा इशारा आणि ब्राइटनेसचा इशारा एवढेच लागते. नुसत्या ५ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या बोर्डात हे १२ व्होल्ट वेगळे द्यावे लागतात आणि ती एक वायर निसटली की स्क्रीन काळी. जुन्या ट्यूबच्या बॅकलाइटमध्ये इन्व्हर्टरच्या बाहेरच्या बाजूला शेकडो व्होल्ट असतात, सुरू होताना हजाराच्याही वर. पीसी चालू असताना त्या बाजूला बोट किंवा मीटरची पिन नेऊ नका.

बायोसमधली नेमकी जागा

झाकण अजून बसवू नका. केबल लावा, व्हीजीए मॉनिटर तसाच ठेवा, पुन्हा बायोसमध्ये जा.

अवॉर्ड बायोसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चिपसेट फीचर्स’ आणि त्यात ‘ऑन-चिप व्हीजीए सेटिंग’ शोधा. एएमआयमध्ये वाट बहुधा ‘चिपसेट’, ‘नॉर्थ ब्रिज’, ‘व्हिडिओ फंक्शन कॉन्फिगरेशन’ अशी असते. काही गिओड बोर्डांवर ‘फ्लॅट पॅनेल कॉन्फिगरेशन’ असे स्वतंत्र पान मिळते. अवॉर्डमध्ये मूल्य पेज-अप, पेज-डाउनने बदलते. पुढच्या क्रमाने चला आणि दर वेळी एकच बदल करून एफ-१० ने साठवा.

१. ‘ऑन-चिप व्हीजीए’ एनेबल्ड. वेगळे व्हिडिओ कार्ड नसेल तर ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ ऑनबोर्ड. हा पर्याय ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ मध्येही सापडतो. डिफॉल्टला तो बहुधा पीसीआय असतो. स्लॉटमध्ये व्हिडिओ कार्ड नसेल तर त्याने फारसे बिघडत नाही, पण बॅकप्लेनमध्ये जुने कार्ड पडून असेल तर चित्र तिकडे जाते.

२. फ्रेम बफर (रॅममधून चित्रासाठी बाजूला ठेवलेली जागा) ८ मेगाबाइट. १०२४×७६८ चे ३२ बिट चित्र ३ मेगाबाइटमध्ये मावते, १२८०×१०२४ चे ५ मध्ये. २५६ मेगाबाइट रॅमच्या यंत्रात ६४ चित्राला देऊन टाकले की विंडोज एक्सपी रडत चालते आणि चित्र काडीने सुधारत नाही.

३. ‘पॅनेल टाइप’ किंवा ‘पॅनेल नंबर’. डेटाशीटमधले रिझोल्यूशन, बिट आणि चॅनेल तिन्ही जुळणारी ओळ निवडा. काही बायोसमध्ये नुसते १ ते १६ आकडे असतात आणि त्यांचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. तिथे एक-एक आकडा लावून बघायचा मोह होतो. पॅनेलला चुकीची टायमिंग फार वेळ देऊ नये, तक्ता शोधा.

४. ‘बूट डिस्प्ले’ आता ‘सीआरटी + एलएफपी’ करा. सीआरटी म्हणजे व्हीजीए तोंड, मग त्यावर कोणताही मॉनिटर असो. एलएफपी म्हणजे बोर्डला थेट जोडलेले पॅनेल. ईएफपी दिसले तर ते बाहेरचे डीव्हीआय. दोन्ही एकत्र ठेवण्याचा फायदा असा की पॅनेल चुकले तरी बाहेरच्या मॉनिटरवर तुमची वाट उघडी राहते. थेट ‘एलएफपी’ केले आणि प्रकार चुकला तर पुन्हा क्लिअर-सीमॉसपासून सुरुवात.

५. ‘पॅनेल स्केलिंग’ ऑटो. हे बंद असेल तर बूटची अक्षरे मोठ्या पॅनेलच्या मधोमध छोट्या चौकटीत दिसतात. तो दोष नव्हे.

क्रम महत्त्वाचा आहे: प्रकार आधी, बूट डिस्प्ले नंतर.

चित्र आले, पण बिघडलेले

इथे पॅनेलच बोलत असते, त्याचे नीट ऐका.

एकच चित्र दोनदा शेजारी शेजारी, किंवा एकाआड एक उभ्या रेघा गायब: चॅनेल चुकले आहे. सिंगलच्या जागी ड्युअल करा किंवा उलट.

आकार बरोबर, पण रंग निगेटिव्हसारखे, चेहऱ्यावर पट्टे, करड्या रंगात पायऱ्या: १८ आणि २४ बिटचा घोळ. २४ बिटमध्येही बिट मांडायच्या दोन पद्धती आहेत, व्हेसा आणि जैडा. बायोसमध्ये किंवा पॅनेलच्या एखाद्या पिनेवर ती निवड असते.

चित्राचा कोपराच दिसतो, किंवा चित्र सरकून तुटते आणि लोळते: रिझोल्यूशन जुळलेले नाही.

बॅकलाइट लागतो आणि स्क्रीन पांढरी राहते: पॅनेलला बहुधा सिग्नलच पोचत नाही. केबल एक पिन सरकून बसली आहे का पाहा. पीसी चालू असताना एलव्हीडीएसच्या प्रत्येक तारेवर जमिनीसापेक्ष १.२ व्होल्टच्या आसपास मिळायला हवे. सगळ्यांवर शून्य असेल तर बोर्ड सिग्नल पाठवत नाही, म्हणजे बूट डिस्प्लेकडे परत.

अधूनमधून चमकणारे ठिपके, विशेषतः गडद भागात: केबल, कनेक्टर किंवा अर्थिंग. बायोस सोडा. शेजारी मोठ्या मोटारीचा व्हीएफडी (वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर केबलची वाट बदला.

ब्राइटनेस उलटा चालतो: इन्व्हर्टरप्रमाणे ० व्होल्ट म्हणजे कुठे पूर्ण उजेड, कुठे सर्वांत कमी. बोर्डवर किंवा बायोसमध्ये उलटसुलट करायचा पर्याय असेल तर तो बदला.

बूटला दिसते, विंडोजमध्ये काळे होते

बायोसचे काम झाले, आता ड्रायव्हर. इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये कंट्रोल-अल्ट-एफ१ ने चित्र बाहेरच्या मॉनिटरवर जाते आणि कंट्रोल-अल्ट-एफ३ ने पॅनेलवर येते. आधी एफ३ करून पाहा. आले तर ड्रायव्हरच्या पानात पॅनेल मुख्य डिस्प्ले म्हणून साठवा. नाही आले तर एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जा आणि रिझोल्यूशन पॅनेलच्या मूळ आकड्यावर आणा. कुणीतरी तपासणीसाठी मोठा मॉनिटर लावून १२८०×१०२४ करून ठेवलेले असते आणि ८००×६०० चे पॅनेल ते दाखवू शकत नाही.

उलटही होते: विंडोजमध्ये पॅनेल चालते, बूटला काळे. तेव्हा बूट डिस्प्ले अजून सीआरटीवरच आहे. ‘चालतंय ना’ म्हणून तसेच सोडू नका. पुढच्या वेळी एखादा एरर संदेश आला तर ऑपरेटरला तो दिसणारच नाही.

यादीत तुमचे पॅनेलच नसेल

पॅनेलची टायमिंग बोर्ड बनवणाऱ्याने व्हिडिओ बायोसच्या तक्त्यात भरलेली असते. यादीत नाही ते तुम्ही बायोसच्या पानावरून घालू शकत नाही. रिझोल्यूशन, बिट, चॅनेल, व्होल्टेज आणि कनेक्टर जुळणारे दुसरे पॅनेल मिळाले तर तो सर्वांत स्वस्त मार्ग. नाहीतर बोर्डच्या पुरवठादाराकडे मॉडेल, रिव्हिजन, सध्याची बायोस आवृत्ती आणि पॅनेलची डेटाशीट पाठवून त्या पॅनेलची बायोस फाइल मागा.

फ्लॅश करणे, म्हणजे चिपमध्ये बायोस नव्याने लिहिणे, अगदी शेवटी. रिव्हिजन अक्षरशः जुळलेली हवी, जुन्या बायोसची प्रत आधी साठवलेली हवी आणि पीसी यूपीएसवर हवा. लाइट गेली आणि लिहिणे अर्धवट राहिले तर बोर्ड सुरू होणार नाही, मग चिप काढून प्रोग्रॅमरवर लिहून आणावी लागते.

डिस्प्ले आला, पण काटा चालेना

सेल उतरला तेव्हा डिस्प्लेसोबत बाकीचेही पुसले गेलेले असते. स्क्रीन लागली की लोक झाकण लावतात आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची रांग लागल्यावर वजन संगणकात येत नाही. म्हणून झाकण लावण्याआधी एवढे बघाच.

तारीख आणि वर्ष. चुकीच्या तारखेच्या वजनपावत्या निस्तरणे हे डिस्प्लेपेक्षा मोठे दुखणे आहे.

सिरियल पोर्ट. कॉम-१ ला ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम-२ ला २एफ८ आणि आयआरक्यू ३ ही नेहमीची जोडी. काही बोर्डांवर कॉम-२ आरएस-२३२, ४२२ की ४८५ हे बायोसमध्ये ठरते आणि डिफॉल्टला ते २३२ होते. काट्याचा इंडिकेटर ४८५ वर असेल तर तो मुका होतो.

पॅरलल पोर्ट. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा सॉफ्टवेअरचा डोंगल त्यावर असेल तर ३७८ पत्ता आणि आधीचाच मोड.

डिस्क. सीएफ कार्डाची ॲक्सेस पद्धत एलबीए, लार्ज की सीएचएस हे बदलले तर ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ येते. तो संदेश पाहून कार्ड फॉरमॅट करू नका. पद्धत बदला, सगळे जागेवर असते. सीएफ अडखळत असेल तर डीएमए बंद करून पीआयओ ४ करा. साटा असलेल्या बोर्डवर आयडीई मोडचे एएचसीआय झाले असेल तर एक्सपी ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन देते. परत आयडीई करा.

‘हॉल्ट ऑन’ मध्ये ‘ऑल, बट कीबोर्ड’, म्हणजे कीबोर्डशिवाय यंत्र थांबणार नाही. आणि वीज गेल्यानंतर आपोआप सुरू होण्याचा पर्याय ऑन.

सगळे जमल्यावर बूट डिस्प्ले ‘एलएफपी’ करायचा की दोन्ही ठेवायचे? दोन्ही ठेवा. पुढच्या माणसाला बाहेरचा मॉनिटर लावता येणे मोलाचे आहे. फक्त विंडोज रिकाम्या व्हीजीए तोंडाला दुसरा डेस्कटॉप समजून खिडक्या तिकडे टाकत असेल तर मात्र एलएफपी करा.

आता मेन बंद करून वायर काढा, पंधरा मिनिटे थांबा, मॉनिटर आणि कीबोर्ड काढून टाका आणि पुन्हा चालू करा. घड्याळ बरोबर, बूटची अक्षरे पॅनेलवर, सॉफ्टवेअर आपोआप वर आले आणि काट्यावर माणूस उभा राहिल्यावर आकडा हलला, तर झाकण लावा. कॅबिनेटच्या दाराच्या आत प्लास्टिकच्या पाकिटात एक कागद ठेवा: बोर्डचे मॉडेल व रिव्हिजन, बायोस आवृत्ती, पॅनेलचा क्रमांक, व्होल्टेज जंपरची जागा, पॅनेल टाइप, बूट डिस्प्ले, दोन्ही सिरियल पोर्ट, डिस्कची पद्धत, सेल बदलल्याची तारीख. साखर कारखान्यात सेलची बदली दर तिसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या देखभालीत धरा आणि पावसाळ्यात कधीतरी एकदा पीसी तासभर चालवून पाहा, म्हणजे काही बिघाड असलाच तर तो गव्हाणीत मोळी पडायच्या आधी कळेल.